शॉमबर्ग, इलिनॉय: १३० माणसांचं 'खेडं' ७८ हजारांचं कसं झालं?

शिवारकर

शिकागो परिसरात नव्यानं आलेल्या मराठी मंडळींपैकी बऱ्याच जणांचा पत्ता शॉमबर्गचा असतो. पाण्याचं पहिलं बिल हातात पडलं की ठरलेला प्रश्न येतो: यावर 'व्हिलेज ऑफ शॉमबर्ग' का छापलंय? सहापदरी रस्ते, वीस लाख चौरस फुटांवरचा वुडफील्ड मॉल, काचेच्या कचेऱ्या, आणि म्हणे खेडं! या प्रश्नाचं उत्तर कायद्यात आहे, पण गाव वाढलं कसं ते कळायला जमिनीपासूनच सुरुवात करावी लागते. म्हणून हा धागा.

१८३३ च्या शिकागो तहानं पोटावाटोमी, ओजिब्वे आणि ओडावा लोकांकडून हा मुलूख गेला. मग सरकारी मोजणीदारांनी सहा मैल बाय सहा मैलांचे चौकोन आखले. अशा एका चौकोनाला म्हणतात टाउनशिप. त्यात एक चौरस मैलाचे ३६ तुकडे, प्रत्येक तुकडा ६४० एकरांचा, त्याला सेक्शन म्हणायचं. आपल्याकडे शिवाराच्या हद्दी ओढा, पांद, बांध बघून पडल्या. इथे ओढा आडवा आला तरी रेघ सरळच गेली. आजचा शॉमबर्ग रोड किंवा रोझेल रोड नकाशावर पट्टी ठेवल्यासारखा दिसतो तो यामुळे.

सुरुवातीला न्यू इंग्लंडकडचे लोक आले. त्यांच्यामागून जर्मनीतल्या शॉमबर्ग-लिपे या छोट्या संस्थानातून शेतकरी आले आणि त्यांनी एकेक करून जमिनी विकत घेतल्या. १८५० मध्ये टाउनशिपला नाव द्यायची बैठक झाली. ल्यूथरव्हिल वगैरे नावं चर्चेत असताना फ्रीडरिश नेर्गे नावाच्या शेतकऱ्यानं टेबलावर मूठ आपटली आणि त्यांच्या बोलीत सांगितलं, 'शॉमबर्ग शाल एट हायटेन', म्हणजे नाव शॉमबर्गच राहील. विषय तिथेच संपला. सेंट पीटर ल्यूथरन चर्चची १८६३ ची विटांची इमारत अजून उभी आहे.

पुढची शंभर वर्षं इथे दूधदुभतं, मका, ओट आणि रविवारचं जर्मन प्रवचन. वाढ नाही, कारण आगगाडी आली नाही. एक फाटा उत्तरेला पॅलाटाइन आणि आर्लिंग्टन हाइट्सवरून गेला, दुसरा दक्षिणेला रोझेलवरून. त्या गावांना स्टेशन मिळालं आणि स्टेशनाभोवती पेठ मिळाली. शॉमबर्ग मधल्या मधे राहिलं. हे लक्षात ठेवा, खाली उपयोगी पडेल.

७ मार्च १९५६ ला गाव कायद्यानं स्थापन झालं तेव्हा वस्ती १३० आणि क्षेत्र दोन चौरस मैल. १९६० ला ९८६ माणसं. १९७० ला १८ हजारांवर, १९८० ला ५३ हजारांवर, १९९० ला ६८,५८६, २००० ला ७५,३८६. मग २०१० ला चक्क घट, ७४,२२७. २०२० ला ७८,७२३. क्षेत्र आता साधारण १९ चौरस मैल. जाणकारांनी भर घालावी.

नवखा६०१९३

छान धागा. पण खेडं म्हणजे इथे ग्रामपंचायत असते का? ७८ हजारांना आपल्याकडे नगरपरिषद झाली असती.

नियमबुवा

लोकसंख्येवरून आपोआप दर्जा बदलतो ही आपल्याकडची सवय, ती इथे लावू नका. इलिनॉयमध्ये व्हिलेज आणि सिटी या कारभाराच्या दोन वेगळ्या घड्या आहेत, लहानमोठेपणाच्या पायऱ्या नव्हेत. सिटीत महापौर आणि वॉर्डावॉर्डातून निवडलेले आल्डरमन. व्हिलेजमध्ये एक प्रेसिडेंट आणि सहा ट्रस्टी, आणि ट्रस्टी सहसा अख्ख्या गावातून निवडलेले. मुदत चार वर्षं, दर दोन वर्षांनी तीन जागा. मतदान विषम सालच्या एप्रिलमध्ये, त्यामुळे लोक विसरतात आणि थोडक्या मतांवर निकाल लागतो. रोजचा कारभार नेमलेला मॅनेजर बघतो, म्हणजे साधारण आपला मुख्याधिकारी. प्रेसिडेंटला बोलीत मेयर म्हणतातच.

वॉर्ड नाहीत याचा परिणाम कारभारावर होतो. माझ्या वॉर्डात पूल, तुझ्या वॉर्डात बाग ही ओढाताण कमी. पण एखाद्या कोपऱ्यातल्या वस्तीचा हक्काचा माणूसही बोर्डावर नसतो. प्रेसिडेंटच्या खुर्च्याही टिकतात: रॉबर्ट ऍचर १९५९ ते १९७५, ऍल लार्सन १९८७ ते २०१९. सलग ३२ वर्षं! (ऍचर हा रेडिओवर कंट्री गाणी म्हणणारा लोकप्रिय गायक होता. गिटार घेऊन गाणारा काउबॉय झोनिंगच्या, म्हणजे कुठे घरं नि कुठे धंदा ते ठरवण्याच्या, फायली बघतोय हे चित्र मला फार आवडतं.)

खरी मेख 'होम रूल' ही आहे. १९७० च्या राज्यघटनेनं २५ हजारांवर वस्ती असलेल्या पालिकेला, मग ती सिटी असो वा व्हिलेज, स्वतःचे बरेचसे कर आणि नियम ठरवायची मुभा दिली. शॉमबर्ग १९७० च्या जनगणनेत त्या रेषेखाली होतं, पुढे लवकरच वर गेलं. ही मुभा मिळाल्यावर सिटी होऊन हाती काहीच जास्तीचं लागत नाही. मग पाटी कशाला बदला?

टोलनाका

१९५६ च का, यावर लिहितो. १९५५ मध्ये ओ'हेअर विमानतळ प्रवासी विमानांना खुला झाला. १९५८ मध्ये नॉर्थवेस्ट टोलवे, आजचा आय-९०, सुरू झाला. त्याच्या आधीच, १९५४ पासून, हॉफमन कुटुंबाच्या एफ अँड एस कन्स्ट्रक्शननं टाउनशिपमधली शेतं घेऊन घरांच्या रांगा टाकायला घेतल्या होत्या. तीच वस्ती १९५९ मध्ये हॉफमन इस्टेट्स झाली. शेजारी एल्क ग्रोव्ह व्हिलेजही १९५६ चंच.

अशा वेळी पालिका नसलेल्या मोकळ्या टाउनशिपमध्ये बसून राहणं धोक्याचं. इथल्या कायद्यात पालिका तिच्या हद्दीला लागून असलेली जमीन मालकाच्या अर्जावर सामील करून घेते. शिवाय चारी बाजूंनी वेढला गेलेला ६० एकरांपर्यंतचा तुकडा मालकाची संमती नसतानाही आत ओढता येतो. म्हणजे आधी ज्याची पालिका, त्याचं शिवार. १३० माणसांनी पालिका काढली ती हौसेनं नव्हे, शेजाऱ्यानं गिळू नये म्हणून.

पुढचं तंत्र असं. मोठा जमीनदार किंवा बिल्डर आला की आधी त्याच्याशी सामीलीकरणाचा करार करायचा, तो २० वर्षांपर्यंत चालतो. गावानं द्यायचं झोनिंग, पाणी, मलवाहिनी. बिल्डरनं द्यायच्या रस्त्याच्या जागा, शाळेची जागा, बाग, पाणी साठवायचं तळं. करार झाला की जमीन आत. टोलवेलगतचा पट्टा घरांना न देता धंद्यासाठी राखून ठेवला, आणि हा निर्णय पुढे सगळ्यात मोलाचा ठरला. हॉफमन इस्टेट्समध्ये घरं आधी आली आणि धंदा मागून. घरं आधी आली की शाळा, पोलीस, बर्फ उपसणं हे खर्च पहिल्या वर्षापासून सुरू होतात, उत्पन्न मात्र वाट बघायला लावतं.

घरांचं पर्व १९५९ ला ऍल्फ्रेड कँपनेलीनं वेदर्सफील्डचं काम काढलं तेव्हापासून. त्यातली बरीच घरं एकमजली, तळघराशिवाय थेट काँक्रीटच्या पाटावर उभी. खोदकाम वाचतं, घर स्वस्तात पडतं. भोगावं लागतं ते नंतरच्या मालकाला: पाण्याचा पाइप पाटाखालून गेलेला असेल आणि फुटला, तर फरशी फोडा नाहीतर नवा पाइप माळ्यावरून फिरवा. माळ्यावरून नेला तर उष्णतारोधक थराच्या खालून, घराच्या उबेच्या बाजूनं न्या. वरून नेलात तर जानेवारीत गोठणार.

वाचक_क्र_१

वाचतेय. मॉलच्या नावात 'वुड' आणि 'फील्ड' आहे म्हणजे तिथे रान होतं का?

शिवारकर

नाही हो ताई, सगळेच फसतात! 'वुड' म्हणजे सिअर्सचे जनरल रॉबर्ट वुड आणि 'फील्ड' म्हणजे मार्शल फील्ड. दोन दुकानदारांची नावं जोडून झाडं-कुरणं तयार केली. वुडफील्ड उघडला ९ सप्टेंबर १९७१ ला.

आता पैशाचं बघा. इलिनॉयचा मूळ विक्रीकर ६.२५ टक्के. त्यातला १ टक्का ज्या पालिकेच्या हद्दीत विक्री झाली तिला परत मिळतो. गिऱ्हाईक कुठे राहतं याच्याशी संबंध नाही. पॅलाटाइनच्या माणसानं वुडफील्डमधून १,००० डॉलरचा फ्रिज घेतला तर १० डॉलर शॉमबर्गच्या तिजोरीत, पॅलाटाइनला शून्य. त्यावर होम रूलचा कर पाव-पाव टक्क्याच्या पायरीनं गाव स्वतः लावू शकतं. हॉटेल आणि हॉटेलातलं जेवण यांवरचे कर निराळे.

म्हणून गावाला स्वतःचा मालमत्ताकर कित्येक दशकं लावावाच लागला नाही. शाळा, पार्क, वाचनालय, काउंटी (म्हणजे जिल्हा) यांचे कर होतेच, पण व्हिलेजची ओळ शून्य. २००८ च्या मंदीत विक्री घसरली आणि २००९ मध्ये पहिल्यांदा ती ओळ आली. विक्रीकरावर उभ्या असलेल्या गावाचं दुखणं हेच: मंदी आली की उत्पन्न त्याच वर्षी कोसळतं, आणि आगीचा बंब काही कमी फेऱ्या मारत नाही.

बोळकरीण

मॉल आला म्हणून गाव मोठं झालं हे सगळे लिहितात, आणि मला ते अर्धंच पटतं. क्रम तपासा. १८ हजार माणसं मॉल उघडायच्या आधीच होती. मोटोरोलानं साठच्या दशकातच इथे जागा घेतली होती आणि १९७६ मध्ये मुख्यालय आणलं. वुडफील्डला जागा मिळाली कारण टोलवे आणि रूट ५३ यांची गाठ तिथे पडते. मॉल हे फळ आहे, मूळ नव्हे. मूळ म्हणजे रस्त्यांची गाठ आणि तिच्याभोवती राखून ठेवलेली जमीन.

रस्त्यांच्या त्या गाठीनं एक नुकसानही केलं. शिवारकरांनी वर आगगाडीचं लिहिलंय ते इथे लागू होतं. स्टेशन नाही म्हणून पेठ नाही, पेठ नाही म्हणून पायी जायचं मधलं ठिकाण नाही. शॉमबर्ग रोड आणि रोझेल रोडच्या चौकात जुन्या जर्मन वस्तीचे चार-दोन अवशेष आहेत, ते जपायला वेगळा नियम केला. नव्वदच्या दशकात गावानं त्याच चौकातला मरगळलेला दुकानगाळा हाती घेऊन टाउन स्क्वेअर उभारला: घड्याळाचा मनोरा, पाणी, आणि १९९८ ला वाचनालयाची मोठी इमारत. वाचनालय खरंच उत्तम आहे आणि गर्दी त्याच्यामुळेच आहे. पण चौपदरी-सहापदरी वाहतुकीला लागून चौक बांधला की तिथे माणूस गाडीनंच येतो आणि गाडीनंच जातो. मेट्राचं, म्हणजे उपनगरी आगगाडीचं, स्टेशन आहे, पण गावाच्या पार दक्षिण टोकाला. पेठ मागाहून बांधता येते हे मला अजून कुणी दाखवून दिलेलं नाही. ओक पार्क किंवा रिव्हरसाइडला जाऊन या म्हणजे फरक कळेल. तीही कायद्यानं व्हिलेजेसच, पण आगगाडीच्या काळातली.

नियमबुवा

बोळकरीणताईंशी सहमत, एक दुरुस्ती सोडून. जमीन राखणं आणि मॉल येणं ही कारण-परिणामाची सरळ साखळी नाही. १ टक्क्याचा नियम होता म्हणून जमीन राखायची बुद्धी झाली. तो टक्का राहत्या पत्त्यावर वाटला जात असता तर याच जमिनीवर घरं आली असती.

पाणीपंच

रस्ते आणि कर झाले, पाणी कुणी काढलंच नाही. १९८५ पर्यंत शॉमबर्ग खोल विहिरींवर होतं. खोल म्हणजे हजार फुटांहून खाली, वालुकाश्मातलं पाणी. ते अतिशय जड, त्यात नैसर्गिक रेडियम, आणि सगळी उपनगरं एकाच थरातून उपसत असल्यामुळे पातळी दर वर्षी खाली. आपल्याकडच्या बोअरवेलचंच गणित, फक्त पंप मोठे.

मिशिगन सरोवर वीस-पंचवीस मैलांवर, पण तोंड लावायची परवानगी नाही! त्यातून इलिनॉयनं किती पाणी वळवायचं यावर सुप्रीम कोर्टाची १९६७ ची मर्यादा आहे, सेकंदाला ३,२०० घनफूट. कारण असं की १९०० मध्ये शिकागो नदी उलटी वळवली, त्यामुळे इथे वापरलेलं पाणी सरोवरात परत जात नाही. शॉमबर्गचं सांडपाणी ईगन प्रकल्पात शुद्ध होऊन सॉल्ट क्रीकमध्ये पडतं, तिथून डेस प्लेन्स, इलिनॉय नदी, मिसिसिपी आणि शेवटी मेक्सिकोचं आखात. नळाला पूर्वेचं सरोवर, मोरीला दक्षिणेचा समुद्र.

तेव्हा राज्याकडून हिस्सा मंजूर करून घ्यायचा, शिकागोकडून शुद्ध केलेलं पाणी विकत घ्यायचं आणि ते आणायला मोठी जलवाहिनी टाकायची. एकट्या गावाला न झेपणारं काम, म्हणून सात पालिकांनी मिळून संस्था काढली: एल्क ग्रोव्ह, हॅनोव्हर पार्क, हॉफमन इस्टेट्स, माउंट प्रॉस्पेक्ट, रोलिंग मेडोज, शॉमबर्ग, स्ट्रीमवूड. १९८५ ला सरोवराचं पाणी आलं. १९८० नंतर वाढ टिकली ती या पाइपमुळे, हे माझं ठाम मत. वुडफील्डला मिळतं त्याच्या दहाव्या हिश्शाचंही श्रेय त्याला मिळत नाही, कारण तो जमिनीखाली आहे.

आता घरमालकांच्या कामाचं. ही सगळी जमीन मुळात पाणथळ माळ. शेतकऱ्यांनी ती पिकाखाली आणली ती मातीच्या भाजक्या नळ्या पुरून. साधारण चार इंच व्यासाच्या, फूट-फूट लांबीच्या, एकीला एक नुसती टेकवलेली, सांधा न भरलेली. पाणी त्या सांध्यांतूनच आत शिरतं आणि उतारानं ओढ्याला जातं. वस्त्या झाल्या तेव्हा पाये खोदताना या नळ्या जागोजागी तुटल्या. गंमत अशी की वरच्या अंगाची तुटकी नळी आपलं काम सोडत नाही. पन्नास वर्षांनीही ती पाणी आणते आणि तुमच्या पायाशी ओतते.

ओळखायचं कसं? बर्फ वितळताना परसात दर वर्षी एकाच जागी डबकं, आणि शेजारी कोरडं. पाऊस थांबून दोन दिवस झाले तरी संप पंप (घराखालच्या खड्ड्यात साचलेलं पाणी उपसणारा) दर काही मिनिटांनी सुरू. असं असेल तर घराभोवतीचा उतार आणि पन्हळी आधी तपासा, दहातली बरीच दुखणी तिथेच निघतात. पन्हळीचं पाणी पायापासून निदान पाच-सहा फूट लांब सोडा. त्यानं फरक नाही पडला तर जुने हवाई फोटो बघा. ओल्या शेतात नळीच्या रेषा फिकट पट्ट्यांसारख्या दिसतात. नळी सापडली तर तोंड बुजवू नका! बुजवलं की पाणी दुसरी वाट काढतं, बहुधा शेजाऱ्याच्या घराखालून. आणि इलिनॉयचा नियम असा की वरून नैसर्गिकपणे वाहत येणारं पाणी खालच्या जमिनीनं घ्यायचं असतं, अडवून मागे सारायचं नसतं. ती जोडून पावसाळी गटारात नेणं हा उपाय, त्याला गावाचा परवाना लागतो.

नवखा६०१९३

पाणीपंच, संप पंपाचं पाणी मोरीच्या पाइपला जोडलं तर? परसात सोडलं की हिवाळ्यात घसरगुंडी होते.

पाणीपंच

अजिबात नको. इथे मलवाहिनी आणि पावसाळी गटार वेगवेगळी आहेत. पावसाचं पाणी मलवाहिनीत गेलं की ती तुडुंब भरते आणि उलटी येते, तीही सगळ्यात खालच्या पातळीवरच्या तळघरात. म्हणूनच ते बेकायदा आहे.

घसरगुंडीवर उपाय: बाहेरच्या पाइपला सलग उतार द्या आणि हिवाळ्यात शेवटचा लवचीक नळा काढून ठेवा. पाणी त्या नळ्यातच साचून गोठतं, तोंड बंद होतं आणि पंप आतल्या आत रेटत राहून जळतो. घरालगत हवेची फट असलेला जोड बसवला तर पुढे गोठलं तरी पाणी तिथून बाहेर पडतं. पंप बिघडायचं दुसरं कारण म्हणजे फ्लोट, पाण्यावर तरंगून पंप चालू-बंद करणारा. खड्डा अरुंद असेल तर फ्लोट भिंतीला अडकतो. दर तीन महिन्यांनी बादलीभर पाणी ओतून बघा: पंप लागला पाहिजे, थांबला पाहिजे, आणि थांबल्यावर पाणी परत खड्ड्यात यायला नको. आलं तर चेक व्हॉल्व्ह गेलाय. वादळात वीज जाते तेव्हाच पंपाची गरज असते, म्हणून बॅटरीवरचा दुसरा पंप ही चैन समजू नका.

वाचक_क्र_१

मालमत्ताकराच्या बिलावर दहा-बारा नावं असतात. व्हिलेजचा आकडा इतका लहान कसा?

नियमबुवा

कारण व्हिलेज हा त्या पंगतीतला एकच पाहुणा. प्राथमिक शाळांचा डिस्ट्रिक्ट ५४, हायस्कूलचा २११, हार्पर कॉलेज, टाउनशिप, वाचनालय, पार्क डिस्ट्रिक्ट, सांडपाण्याचा महानगर जिल्हा, काउंटी, वनराखीव, मग व्हिलेज. प्रत्येकाचा बोर्ड वेगळा, हद्द वेगळी, कर वेगळा. निम्म्याहून जास्त रक्कम शाळांना जाते. बिल बघून व्हिलेज हॉलवर चिडणारे बहुतेक वेळा चुकीच्या दारावर उभे असतात.

हिशेब असा. घराचा बाजारभाव काउंटीनं ४ लाख डॉलर धरला, तर राहत्या घराचं मूल्यांकन त्याच्या १० टक्के, म्हणजे ४० हजार. व्यापारी मालमत्तेला २५ टक्के, आणि म्हणूनच मॉल आणि कचेऱ्या शाळांनाही पोसतात. या ४० हजारांना राज्याच्या गुणकानं गुणायचं. तो दर वर्षी बदलतो, ३ धरू: १ लाख २० हजार. स्वतः राहत असाल तर होमओनर सवलतीचे १० हजार वजा. उरले १ लाख १० हजार, त्यावर सगळ्या संस्थांचा मिळून दर. नुसत्या हिशेबापुरता ८ टक्के धरला तर ८,८०० डॉलर. पहिला हप्ता म्हणजे गेल्या वर्षीच्या एकूण कराचे ५५ टक्के, दुसऱ्यात उरलेला खरा हिशेब. बिल एक वर्ष मागचं असतं, त्यामुळे घर घेताना विकणाऱ्याकडून मागच्या काळाचा वाटा वळता करून घ्या.

अपील करताना लोक एकच चूक करतात: कर फार आहे म्हणून रडतात. अपील कराविरुद्ध नसतं, मूल्यांकनाविरुद्ध असतं. नोंदीतलं क्षेत्रफळ, न्हाणीघरांची संख्या, घराचा वर्ग तपासा. मध्यम एकमजली घराला २-०३, स्प्लिट लेव्हलला २-३४, काँडोला (आपल्या फ्लॅटला) २-९९. मग त्याच वर्गातली, त्याच भागातली, जवळपास तेवढीच चार-पाच घरं काढून दर चौरस फुटाचं मूल्यांकन शेजारी मांडा. उत्तर उपनगरांचं फेरमूल्यांकन तीन वर्षांनी होतं, मागची सालं २०१९, २०२२, २०२५. आपली टाउनशिप अपिलासाठी खुली झाली की मुदत साधारण ३० दिवस. असेसरकडे, म्हणजे काउंटीच्या मूल्यांकन अधिकाऱ्याकडे, नाही जमलं तर बोर्ड ऑफ रिव्ह्यू.

टोलनाका

मोटोरोलाचं पुढे काय झालं ते राहिलं. जानेवारी २०११ मध्ये कंपनी दुभंगली. मोबाइलवाला भाग लिबर्टीव्हिलला, सोल्युशन्स शॉमबर्गला राहिली, आणि २०१६ मध्ये तिचंही मुख्यालय शिकागोच्या मध्यात गेलं. त्याच आवारातल्या जागेवर २०१६ मध्ये झुरिक विमा कंपनीचं उत्तर अमेरिकेचं मुख्यालय उभं राहिलं, आणि उरलेल्या जमिनीवर घरं, हॉटेलं, करमणूक अशी मिसळ करायचं ठरलं.

तिथे वापरलेलं हत्यार म्हणजे टिफ (टॅक्स इन्क्रिमेंट फायनान्सिंग). आखलेल्या पट्ट्यातलं आजचं करपात्र मूल्य गोठवायचं. शाळा वगैरेंना त्या गोठलेल्या आकड्यावर कर मिळत राहतो. मूल्य वाढेल त्यावरचा कर २३ वर्षांपर्यंत वेगळ्या खात्यात जातो आणि त्यातून त्याच पट्ट्यातले रस्ते, गटारं, पाडकाम होतं. डाव फसतो तो दोन ठिकाणी: वाढ आपसूकच होणार होती तिथे टिफ लावला की शाळांचा हक्काचा पैसा अडकतो, आणि वाढ झालीच नाही तर आधी काढलेले रोखे फेडायचे कशातून?

एकाच धन्यावर विसंबलं की काय होतं ते बघायला शेजारी जा. सिअर्सनं १९८९ मध्ये शिकागोतला सिअर्स टॉवर सोडून हॉफमन इस्टेट्सला यायचं ठरवलं, राज्यानं त्यासाठी खास करसवलतीचा कायदा केला. कंपनी २०१८ मध्ये दिवाळखोरीत गेली, आणि आज त्या आवारात डेटा सेंटरचं काम चाललंय. डेटा सेंटरला वीज लागते आणि पाणी लागतं, माणसं फार लागत नाहीत. जेवणाच्या सुट्टीत बाहेर पडून खरेदी करणारं गिऱ्हाईक त्यातून येत नाही. शॉमबर्ग वाचलं कारण मोटोरोला गेली तरी वुडफील्ड होता, १९९८ चं आयकिया होतं, कचेऱ्या होत्या.

कोकणातला_पाहुणा

अवांतर: बृहन्महाराष्ट्र मंडळाची स्थापनाही शिकागोचीच, १९८१ ची. इथल्या मराठी वस्तीचं त्या कंपन्यांशी नातं असणार.

शिवारकर

असणारच. आज गावातली साधारण चौथा हिस्सा माणसं आशियाई आहेत, त्यात भारतीय बरेच. त्यावर वेगळा धागा काढा, इथे तो विषय मावणार नाही.

नव्यांसाठी एक कामाची गोष्ट. टपालाचा पत्ता शॉमबर्ग म्हणजे गाव शॉमबर्ग असं समजू नका. पिनकोड टपालखात्याच्या सोयीचे, हद्दी गावाच्या. टाउनशिपच्या हद्दीत हॉफमन इस्टेट्स, हॅनोव्हर पार्क, रोझेल, एल्क ग्रोव्ह यांचेही तुकडे आहेत, आणि मधेच कुठल्याच पालिकेत नसलेले कप्पे. डेक किंवा कुंपणाचा परवाना चुकीच्या गावात मागायला गेलात तर हेलपाटा. कप्प्यात असाल तर परवाना काउंटीचा.

नक्की कुठे आहात ते कराच्या बिलावरचा चौदा आकडी क्रमांक सांगतो. तो आपल्या गट नंबरासारखाच वाचायचा. पहिले दोन आकडे ०७ असतील तर शॉमबर्ग टाउनशिप. पुढचे दोन ०१ ते ३६, म्हणजे सेक्शन, तोच मोजणीदारांचा एक मैलाचा चौकोन. मोजणी ईशान्य कोपऱ्यातून सुरू होते, पहिली ओळ पश्चिमेकडे जाते, दुसरी पूर्वेकडे परत येते, बैल नांगर फिरवतो तशी, आणि ३६ आग्नेय कोपऱ्यात संपतो. पुढचे तीन आकडे ब्लॉकचे: १०० च्या घरातले वायव्य चतकोर, २०० चे ईशान्य, ३०० चे नैर्ऋत्य, ४०० चे आग्नेय. मग तीन आकडे प्लॉटचे. शेवटचे चार ०००० म्हणजे सुटं घर, १००१ वगैरे असेल तर काँडो.

म्हणजे ०७-२२-३०० असं काही दिसलं, तर वरून चौथ्या ओळीतला बाविसावा चौकोन आणि त्याचा खालचा डावा चतकोर, १६० एकरांचा. चौथी ओळ पश्चिमेकडे जाणारी की पूर्वेकडे, ते कागदावर आखून बघा. पहिल्या झटक्यात सगळेच चुकतात.

नवखा६०१९३

आखलं. पूर्वेकडे जाणारी. १९ पश्चिम कडेला, २४ पूर्व कडेला, म्हणजे २२ डावीकडून चौथा. बरोबर?

शिवारकर

बरोबर.